तीन आत, दोन भाईर

अम्युझमेंट पार्कच्या गेटवरच्या हंबीररावांनी ताप मोजायचं पिस्तूल आधी पोरीच्या कपाळावर धरलं. सत्त्याण्णव पॉइंट सहा. मग बापाच्या. अठ्ठ्याण्णव. दोघंही वाचले.

"लई जपून आलाय की, पावणं."

खरं होतं. राजारामपुरीतनं निघतानाच सम्राटनं आणि आठ वर्षांच्या संयोगितानं दोन-दोन मास्क घातले होते. वरनं प्लास्टिकची शिल्ड. गळ्यात सॅनिटायझरची बाटली. आकाशपाळण्यात अंथरायला घरचं बेडशीट. पाणी घरचं, पोहे घरचे, चमचे उकळलेले. सीमेवर जाणारा जवानही एवढी तयारी करून जात नसेल. निदान चमचे तरी उकळत नसेल.

"सर्टिफिकेट दावा. दोन डोसवालं."

घरातल्या सगळ्यांची नावं एकाच मोबाईल नंबरवर होती. सम्राट शोधायला लागला, तसा हंबीररावांनी फोन आपल्याच हातात घेतला आणि बोटानं सरकवत गेले.

"सम्राट. म्हंजे तुमी. एकच डोस? एवढं दिवस काय करत हुता?"

दुसऱ्या डोसच्या दिवशी सम्राटला कुणी उठवलंच नव्हतं.

"वर्षाराणी. ह्या वैनी व्हय? ह्यांचं बघा. दोन्ही डोस, एकदम ओके. शिका जरा बायकूकडनं."

वर्षाराणी जुलैत कोरोनानं गेली. त्यानंतर अकराव्या दिवशी तिनं दुसरा डोस घेतला, असा मेसेज आला होता. खाली तब्येतीची काळजी घ्या म्हणून लिहिलं होतं. कुणाच्या तरी हातनं चुकीच्या नावापुढं टिक पडली असणार. सम्राटनं तक्रार केली नाही, मेसेज पुसलाही नाही. तशी ती पहिल्यापासूनच तारीख चुकवणारी बाई नव्हती.

"घरातलं एक मानूस पक्कं असलं की बाकीच्यास्नी सोडतो आमी," हंबीरराव म्हणाले. "नुसत्या तुमच्यावर न्हाई सोडता यायचं. वैनी कुठायत?"

सम्राटनं तोंड उघडलं. हे वाक्य त्यानं पाच महिन्यांत बँकेत सांगितलं होतं, गॅसवाल्याला सांगितलं होतं, शाळेत सांगितलं होतं. तरी दर वेळी ते पहिल्यापासून जुळवावं लागायचं.

पोरीनं त्याचा हात घट्ट धरला. कोरोना संपला की ह्याच मोठ्या पाळण्यात बसायचं, असं मम्मीनं कबूल केलं होतं. कोरोना संपला नव्हता, पण पाळणा सुरू झाला होता.

"मम्मी गाडी लावतीया," संयोगिता म्हणाली.

गाडीची किल्ली सम्राटच्या दुसऱ्या हातात होती. त्यानं ती खिशात टाकली.

"मग हुईल. येऊद्यात मागनं." हंबीररावांनी वहीत तीन लिहिलं आणि दोरी वर केली.

आत सगळ्या खेळांना एकच नियम होता. दोन माणसांच्या मधे एक जागा मोकळी. घरी जेवायला बसतानाही जुलैपासून हाच नियम होता, फक्त बोर्ड नव्हता. मोठ्या पाळण्यात दोघांनी तिन्ही जागांवर सॅनिटायझर मारला, तिन्ही जागांवर बेडशीट अंथरलं. पाळणा वर गेला तसे सगळे ओरडले. दोन मास्कांच्या आतनं सम्राटही ओरडला. पाळणा खाली येऊन थांबला, माणसं उतरायला लागली, तरी तो ओरडतच होता. पाळणेवाल्यानं जवळ येऊन उलटी होतीया काय म्हणून विचारलं.

सहाला शिट्टी झाली. सगळे बाहेर पडले. शेवटी हे दोघं.

"थांबा," हंबीररावांनी वहीवर बोट ठेवलं. "तीन आत, दोन भाईर. वैनी?"

"मामा, त्याचं काय झालंय..."

"मी दुपारी जेवाय गेलतो तवा आत शिरल्या असतील. वही जुळल्याबिगर गेट लावता येत न्हाई मला. मागं एक म्हातारं भूतबंगल्यात झोपून ऱ्हायलं हुतं. सकाळी झाडूवाली बाई बेशुद्ध पडली. तवापास्नं सायबांची ऑर्डर हाय."

"ऐका की. ती आत न्हाई."

"मग भाईर हाय?"

"भाईर पण न्हाई."

हंबीररावांनी एकदा सम्राटकडं बघितलं, एकदा पोरीकडं. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"रुसल्यात व्हय! मग आधी सांगायचं न्हाई?"

सम्राट "मामा, मामा" करेपर्यंत ते केबिनमध्ये शिरले होते. कर्णा खरखरला.

"वर्षाराणी सम्राट. वर्षाराणी वैनी, जितं असशीला तितनं गेटवर या. मालक आन् पोरगी थांबल्यात. राग सोडा. घरला चला."

बंद पाळण्यांवरनं, पाणी सोडून दिलेल्या घसरगुंड्यांवरनं ते नाव फिरून परत आलं. पाच महिन्यांत घरात कुणी ते मोठ्यानं घेतलं नव्हतं.

संयोगितानं शिल्ड वर केली. दोन्ही मास्क हनुवटीखाली ओढले. आणि आतल्या रस्त्याकडं तोंड करून, दिव्याखाली, नीट दिसेल अशी उभी राहिली.

सम्राटनं तिला मास्क वर घे म्हणायला पाहिजे होतं.

हंबीरराव बाहेर आले. "न्हाई येत की ओ. आता?"

"मामा," सम्राट म्हणाला, "आनखी एकदा पुकारा की."