कोण सरला?

नाकातून पोटात गेलेली नळी सांभाळत ती कुशीवर वळली आणि पडद्यापलीकडचं बोलणं ऐकू लागली. तिथल्या आजींचं आणि तिचं दुखणं एकच होतं. आतडं अडलं होतं. डॉक्टरांनी दोघींनाही सकाळी सारखंच सांगितलं होतं. वारा सरला, तर अडथळा आपोआप सुटला असं धरायचं. संध्याकाळच्या फेरीपर्यंत नाहीच सरला, तर उद्या पोट उघडावं लागेल.

तिने धास्ती घेतली होती. सारा जन्म कपडे बेतण्यात आणि शिवण्यात गेलेला. एकदा कात्री लागलेलं कापड कितीही नेटकं शिवा, शिवण राहतेच, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आजींच्या खाटेभोवती मुलगा, सून, लेकी, शेजारीण असा सगळा गोतावळा होता. असे माझ्याकडे टक लावून बसलात तर जन्मात काही व्हायचं नाही, असं आजी करवादत होत्या. दुपार कलता कलता तो आवाज झाला. एकच कल्ला उडाला. मुलाने तिथूनच काकांना फोन लावला.

"सरला, काका, सरला!"

काकांना कमी ऐकू येत असावं.

"अहो, कोण सरला काय? वारा!"

पलीकडे हसण्याचा नुसता स्फोट झाला. इकडे तिलाही आवरेना. नळी टोचत होती, पोटात कळ उठत होती, तरी उशीत तोंड खुपसून ती हसली. त्या हसण्यातच तिच्या पोटात गुरगुरलं आणि वारा सरला. थोड्या वेळाने पुन्हा. ताठलेलं पोट सैल पडलं. कितीतरी वेळाने तिने छाती भरून श्वास घेतला.

असली बातमी आईलाच सांगता आली असती. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. घरात आता शिलाईचं मशीन थांबलं की कसलाच आवाज उरत नसे.

तिने धाकट्या भावाला फोन लावला. आईला पोचवून गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता. तिला बोलू न देता तोच घाईघाईने सांगत सुटला. साहेबांच्या कानावर घालून ठेवलंय, बायकोने बॅग भरायला घेतलीय.

"ऑपरेशन ठरलं तर चांगला आठ दिवस येऊन राहतो, ताई. नाही ठरलं, तर मग उगीच रजा कशाला घालवू?"

संध्याकाळी कळवते, असं म्हणून तिने फोन ठेवला.

फेरीला आलेले डॉक्टर आधी पलीकडे गेले. आजींची नळी काढायला सांगून, तिथल्या हसण्यात सामील होऊन, ते पडदा सारून तिच्याकडे आले.

"आता तुम्ही बोला, बाई. वारा सरला का?"

तिने चादर पोटावर सारखी केली.

"नाही," ती म्हणाली.