कंदिलाची जागा

योगिनीचा व्हिडिओ कॉल आला तशी मालनताई लगबगीने उठल्या. लेक तिकडे जर्मनीत, सातवा महिना चाललेला, त्यात पदरात पाच वर्षांची सान्वी. तिच्या बाबांना अटॅक येऊन ठाण्याच्या हॉस्पिटलात ठेवलंय, हे तिला अशा दिवसांत कळता कामा नये. म्हणून मालनताईंनी डोंबिवलीच्या घरचा दिवाळीचा छोटा कंदील आणून सलाइनच्या दांडीला टांगला होता. फोन असा धरला, की चेहऱ्यामागे तेवढा कंदीलच दिसावा.

"आई, बाबा कुठेयत?"

"अगं, शेजारी फराळाला गेलेत." पलंगावर भगवानराव तोंडात चादरीचा बोळा धरून खोकला दाबत होते. "तू सांग, पाय सुजतात का? खातेस ना नीट?"

"मी एकदम मजेत आहे गं. हे बघ, तू पाठवलेला कंदीलसुद्धा लावलाय."

योगिनीच्या चेहऱ्यामागे कंदील हलताना दिसला आणि मालनताईंचा जीव भांड्यात पडला. निदान तिकडे तरी सगळं धड होतं, दिवाळी होती. त्या सुटकेत हातातला फोन जरासा कलला, ते त्यांना कळलंही नाही.

तिकडे सान्वीने आईच्या हातातला फोन ओढून घेतला आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"आजी, तुमचा कंदीलपण बाटलीच्या दांडीला लावलाय? आईच्या बेडजवळपण पप्पांनी तसल्याच दांडीला लावलाय."