दाढीवाला पक्षी

"वहिनी, एकही तुकडा केरात जाऊ देऊ नका!" दीर ओरडला आणि स्कॅनर उचलून आत घेऊन आला.

सून जमिनीवर बसून चिनी मातीचे तुकडे वेचत होती. जळमटं काढताना झाडूचा दांडा लागला आणि भिंतीवरची, पक्ष्याचं चित्र असलेली थाळी खाली आली. सासूबाईंच्याही सासूबाईंची थाळी, घरात सगळ्यांचा जीव तिच्यावर. सासूबाई बहिणीकडून संध्याकाळी परतणार होत्या. सुनेला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. घड्याळाकडे बघत ती भराभर वेचत होती.

दिराची मात्र कळी खुलली होती. कारखान्यात पट्ट्यावरून वेडेवाकडे येणारे सुटे भाग कॅमेऱ्याकडून ओळखून घ्यायचे, हेच त्याचं काम.

"तुकडा कसाही ठेवा. संगणक त्याला फिरवून फिरवून बघतो आणि कुठल्या कडेला कुठली कड बसते ते सांगतो. बघाच तुम्ही!"

पडद्यावर एकेक तुकडा गर्रकन फिरायचा, थबकायचा आणि शेजाऱ्याला जाऊन चिकटायचा. शेपूट जुळलं. पंख जुळला. सून चक्क टाळ्या पिटायला लागली. "अगं बाई, पाय पण आले!" भीती कुठल्या कुठे पळाली.

राहिलं डोकं. जवळजवळ गोल तुकडा. बाकीच्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र, याच्या तेवढ्या पिवळट. तो अर्धा फिरला आणि चपखल बसला.

"अहो भावजी, दाढी वर गेली!"

घरात त्या पक्ष्याचं नावच दाढीवाला. मान उलटी टाकून मागे बघणारा, गळ्याशी दाढी लोंबणारा. भिंतीपुढे काढलेल्या प्रत्येक फोटोत तो तसाच होता. पडद्यावर मात्र तो ऐटीत समोर बघत होता आणि दाढीचा तुरा झाला होता.

दिरानं पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तुराच.

"संगणक म्हणतो, असंच बसतं."

"त्याला काय कळतंय? तुम्ही लहानपणापासून काय बघताय?"

"दाढी," दीर ओशाळून म्हणाला. "जेवलो नाही तर दाढीवाला येईल, असं आई सांगायची."

मग काय, फोटो समोर ठेवून दोघांनी डोकं चिकटवलं. केसभर फट राहिली, ती रंगानं बुजवली. थाळी पुन्हा भिंतीवर गेली तेव्हा दोघांनाही आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

सासूबाई आल्या. पिशवी ठेवतानाच त्यांची नजर भिंतीकडे गेली. त्या जवळ गेल्या.

"फुटली होय गं ही?"

सुनेचा धीर सुटला. "चुकलं माझं, आई."

सासूबाईंनी चष्मा लावला, दाढीवरून बोट फिरवलं आणि हसता हसता मटकन खुर्चीत बसल्या.

"अगं वेडे, माझ्या हातून फुटली तेव्हा मी घाईघाईत डोकं उलटं चिकटवलं, पण माझ्या सासूबाईंना दिसायचं कमी म्हणून निभावलं. तू तरी या वेळी सरळ लावायचंस!"