माळ्यावरचं पुरणयंत्र

"हात ओढायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "खांदा निखळला की भोवतालचे स्नायू आवळून बसतात. ते सैल पडले की सांधा आपणहून जागेवर जातो." मग ते आईकडे वळले. "आजी, हिच्याशी काहीतरी बोला."

माझा धीरच सुटला. बाबा गेल्यापासून आई कुणाशी बोललीच नव्हती. तिने बोलावं म्हणूनच मी होळीला पुरणपोळीचा घाट घातला होता, आणि माळ्यावरून पुरणयंत्र काढताना स्टुलावरून पडले होते.

डॉक्टर माझा कोपरात दुमडलेला हात सावकाश बाहेर वळवत होते. मी दात आवळून पडले होते.

"घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत पुरण घालतात का गं?" आई एकदम म्हणाली. "कपाटभर पुस्तकं वाचलीस, एवढं कळत नाही? आणि तुझ्या पोळ्या खाणार कोण होतं? बाबाच तेवढे मुकाट्याने गिळायचे."

मला हसू फुटलं. त्याच क्षणी खांद्यात खट्कन आवाज झाला आणि कळ ओसरली.

"बसला!" डॉक्टर म्हणाले.

रिक्षात आई माझ्या गळ्यातल्या झोळीची गाठ सारखी करत होती.

"पुढच्या होळीला काढ ते यंत्र," ती म्हणाली. "स्टूल मी धरीन. तुझे बाबा धरायचे तसं."