दुखवट्याचा ठराव

"शेवटचं नाव काढा, रमाकांतराव."

अध्यक्ष शामरावांनी कागद परत केला आणि उपरणे नीट करीत आरशात पाहिले. बाहेर गिरगावातले ते जुने सभागृह भरत आले होते. नगरसंस्था संघाचा रौप्यमहोत्सव होता. मराठी-गुजराती असे द्विभाषिक राज्य होऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि त्याचे मंत्री संघाचा सत्कार करायला स्वतः आले होते. टेबलावर मानपत्राचा चांदीचा करंडा होता. दाराशी पोलिसांची गाडी होती.

शेवटचे नाव हेरंबचे होते. रमाकांतांचा एकुलता एक मुलगा. जानेवारीत याच रस्त्याच्या टोकाला, नाक्यावरच्या गोळीबारात गेला. मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून ओरडत होता, हातात दगडसुद्धा नव्हता.

"दुखवटा सभासदांचा असतो," शामराव म्हणाले.

"गेल्या साली आपण एका नगराध्यक्षांच्या सासूबाईंसाठी उभे राहिलो होतो."

"त्या राजकारणात नव्हत्या." शामरावांनी आवाज खाली आणला. "मला का वाईट वाटत नाही? पोराला मी कडेवर घेतलंय. पण मंत्र्यांच्या तोंडावर ते नाव घेतलंत तर आपल्या सगळ्या मागण्या गेल्या बाराच्या भावात. पंचवीस वर्षांची संस्था आहे, रमाकांतराव. तुम्हीच उभी केलीत."

हे मात्र खरे होते. रमाकांत संघाचे चिटणीस. कुठल्या तरी आडगावच्या नगरपालिकेला नळ हवा, गटार हवे, शाळेला छप्पर हवे, की अर्ज यांनी लिहायचा आणि सचिवालयाचे जिने यांनी झिजवायचे. गोऱ्या साहेबांच्या राज्यातही त्यांनी बेधडक लिहिले होते, की शहराचा कारभार शहरातल्या माणसांना विचारून झाला पाहिजे. घरी जेवताना ते हेरंबला हेच सांगत. पोराने ते मनावर घेतले. बापाने कागदावर लिहायचे आणि पोराने रस्त्यावर जाऊन म्हणायचे, एवढाच काय तो फरक.

आणि शहरात गोळ्या सुटल्या तेव्हा संघाने काय केले? काही नाही. शामरावांनी सभा पुढे ढकलली. मग आणखी पुढे ढकलली. वातावरण निवळू द्या, म्हणाले. वातावरण निवळले, नवे राज्य आले, आणि संघाला सत्काराचे बोलावणे आले.

रमाकांतांनी मागितले होते तरी काय? निषेध नको, चौकशी नको. फक्त एक नाव. संघाची रीतच होती, सभा सत्काराची असो नाहीतर अंदाजपत्रकाची, आधी दुखवटा. तो ठराव पंचवीस वर्षे रमाकांतच वाचत आले होते. वर्षभरात घराबाहेर न पडलेल्या हेरंबच्या आईला, आनंदीबाईंना, त्यांनी तेवढ्यासाठी आज आणले होते. "आज त्याचं नाव सभेत घेतील. सगळे उभे राहतील," असे सांगून आणले होते. त्या बायकांच्या रांगेत कडेला बसल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला होता.

"काढतो," रमाकांत म्हणाले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. शामरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना खरोखरच हायसे वाटले होते.

सभा सुरू झाली. स्वागतगीत झाले, हार झाले. मंत्री हसतमुख होते. रमाकांत ध्वनिक्षेपकापाशी आले आणि नेहमीच्या संथ, सपाट आवाजात म्हणाले, "दुखवट्याचा ठराव."

एवढे शब्द कानावर पडले की सभासदांनी उठायचे, ही इथली सवय. नावे कोणी ऐकत नसे. खुर्च्या सरकल्या. सभागृह उभे राहिले, मंत्री उभे राहिले, माना खाली गेल्या. कोणाच्या डोक्यात नंतरचा फराळ होता, कोणाच्या डोक्यात परतीची गाडी. आनंदीबाईंना ही रीत ठाऊक नव्हती. त्या बसूनच राहिल्या आणि एकेक नाव कान देऊन ऐकू लागल्या.

शामरावही ऐकत होते, पण एकाच नावासाठी. पहिले नाव आले, कोकणातले एक माजी नगराध्यक्ष. दुसरे आले, खानदेशातले एक वकील. तिसरे आणि शेवटचे नावही हेरंबचे नव्हते. शामरावांनी श्वास सोडला आणि डोळे मिटून घेतले.

आनंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. रमाकांतांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याच आवाजात, कुठेही न अडखळता, ते पुढे बोलत राहिले.

"तसेच, शहरांची बाजू मांडण्यासाठी जन्माला आलेला आपला नगरसंस्था संघ. स्वतःच्या शहरातली पोरे मारली गेली तेव्हा त्याची वाचा गेली होती. त्या दुखण्यातून तो उठला नाही. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचे दुःखद निधन झाले. ही सभा त्याला श्रद्धांजली वाहत आहे."

माना तशाच खाली होत्या. सर्वांत खाली मान मंत्र्यांची होती.

मग शामरावांनी डोळे उघडले, ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला आणि नेहमीच्या गंभीर आवाजात सांगितले, "ठराव एकमताने मंजूर."