शेवटच्या खुर्चीचा पट्टा

माझी नात शाळेत जायला लागली, त्या वर्षी राष्ट्रपतींचं जुनं विमान आमच्या संग्रहालयात आणून उभं केलं. त्याची झाडलोट माझ्याकडे आली. त्याच विमानात तीस वर्षं चहापाणी केलेला माझा थोरला भाऊ लोकांना ते फिरून दाखवू लागला.

संध्याकाळी मी सगळ्या खुर्च्यांचे पट्टे उघडून नीट ठेवायचो. सकाळी शेवटच्या खुर्चीचा पट्टा लावलेला असायचा, इतका आवळून की आत एखादं खंगलेलं माणूसच मावेल.

"दादा, हे तुझेच उद्योग ना?"

"आधी माझं पोट बघ, मग बोल!"

आई आजारी होती तेव्हा मी त्याच्या पाया पडलो होतो. तिला मागच्या एखाद्या खुर्चीत बसवून मोठ्या दवाखान्यात ने, म्हणालो होतो. साहेबांना विचारलं, एकही जागा रिकामी नाही, असं त्यानं सांगितलं होतं.

एका सकाळी तो पट्टा सोडायला दादानंच हात घातला आणि चटकन मागे घेतला. मी बक्कल चाचपलं. ते अंगाला टेकून असल्यासारखं ऊबदार होतं.

"हीच रे," दादा पुटपुटला. "त्या दिवशी हीच रिकामी होती. मी विचारलंच नव्हतं."

आई नातीच्या जन्माच्या आदल्या वर्षी, सात मार्चला, ते विमान उडाल्यावर तासाभरात वारली.