रविवारच्या लढाईतलं घर

जेवण उरकल्यावर तो स्वयंपाकघरात येऊन बुरशी धरलेल्या भिंतीसमोर उभा राहिला, तेव्हा बायकोला वाटलं, देव पावला.

वर्षभर ती भिंत तशीच होती. आतला गळका पाइप मागच्या महिन्यात दुरुस्त झाला, भिंत वाळलीही; उरले होते ते पोपडे, काळपट डाग आणि नवऱ्याचं "करतो गं". लेकीने सकाळीच फोनवर निक्षून सांगितलं होतं, "आई, डॉक्टर म्हणतात बुरशीच्या घरात बाळाला नेऊ नका. भिंत खरवडून रंग लावा, मी दुसऱ्या दिवशी येते." नात पाच महिन्यांची झाली होती. आजीने अजून तिला मांडीवर घेतलं नव्हतं.

चष्मा कपाळावर सारून तो भिंतीला नाक लागेल इतका जवळ गेला. एक पोपडा नखाने सोडवून त्याने उजेडात धरला. जन्मभर कचेरीत नकाशे काढलेल्या माणसाची नजर ती, एकदा कामाला लागली की केसाचाही फरक सोडायची नाही. बायकोने घाईघाईने फडताळातले डबे उतरवायला घेतले. जिन्याखालून रंगाचा डबा ओढत आणला.

"ब्रश कुठे ठेवलात हो?"

"थांब गं, मध्ये येऊ नकोस, सावली पडते," तो म्हणाला आणि बाहेरच्या खोलीतून आपलं घर घेऊन आला.

घर खेळातलं, वीतभर लांबीचं. दर रविवारी तो आणि त्याचे तीन निवृत्त मित्र जेवणाच्या टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळायचे. मित्र त्याला सेनापती म्हणायचे. बायकोही म्हणायची, पण तिचा सूर वेगळा असायचा. या खेपेच्या लढाईत दोनशे वर्षांपूर्वीचं एक शेतघर होतं, आणि तीन आठवडे तो तेच रंगवत होता. आधी काळा हात, त्यावर मातकट, त्यावर चुन्यासारखा पांढरा. सगळं झालं होतं, फक्त भिंतीची ओल काही केल्या जमत नव्हती.

आता जमली. घर ओट्यावर ठेवून, खऱ्या भिंतीकडे बघत बघत, त्याने बारीक ब्रशने हिरवट काळा रंग पायापासून वर टिपत नेला.

"रविवारपर्यंत भिंतीला हात लावू नकोस हं. माझ्या घराची मागची बाजू राहिलीय अजून."

तिचे हात डब्यांवरच थांबले. दिव्याखाली अंधार असतो हे तिला ठाऊक होतं, पण दिवा त्याच अंधाराचं चित्र काढत बसेल असं वाटलं नव्हतं. रडू नाही आलं, संताप आला.

"तुम्ही राहू द्या. मी लावते रंग," ती म्हणाली आणि हत्यारांची पेटी उपसू लागली. तळाशी भिंतीचा मोठा ब्रश सापडला. मूठ तेवढी शाबूत होती. केस मुळापासून कापलेले.

"याचे केस कुठे गेले?"

त्याने कौतुकाने वीतभर घराच्या छपराकडे बोट दाखवलं. गवताचं छप्पर, काडी न् काडी सुटी. "दुसऱ्या कशाने असं गवत वाटतच नाही. आणि हे बघ." त्याने चिमटीत धरून छप्पर अलगद उचललं. आत दोन खोल्या, एक चूल आणि कोपऱ्यात नखाएवढा पाळणा.

"पाळणासुद्धा केलात?"

"त्याशिवाय खरं वाटत नाही."

"यात राहतं कोण?"

"कोणी नाही. सैन्य येतंय म्हटल्यावर घरची माणसं निघून गेलेली असतात. घर रिकामं असलं तरच सैनिकांना आत घेता येतं."

तिने पाळण्याकडे पाहिलं, मग आपल्या भिंतीकडे.

"मग अगदी हुबेहूब जमलंय तुम्हाला."

अडतीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्या एकाही घराचं कौतुक केलं नव्हतं. तो खुलला. छप्पर नीट बसवून त्याने घर फिरवून ठेवलं आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"आता जरा बाजूला हो गं," तो म्हणाला, "उजेड अडतोय."